समुद्राला पाटकरी नसतो

योगेश्वरी बिसेन नावाच्या कुणा लेखिकेचं पत्र पुस्तकासोबत येऊन सात महिने झाले होते, आणि जियालाल टेंभरेंनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र त्यांनी पुरतं वाचलंही नव्हतं. 'मी केशोराव गुरुजींची नात' या चौथ्या ओळीपाशी ते थांबले, घडी करून पत्र पुस्तकात घातलं आणि पुस्तक बायकोच्या हाती दिलं. तेव्हापासून ते लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून होतं.

आज शामकलाबाईंनी ते पुसून त्यांच्यासमोर ठेवलं.

"एवढी जाड किताब धाडली पोरीनं. उत्तर काऊन नाही देत जी?"

"कोणाची नात आहे, माहीत आहे ना?"

"नात आहे. गुरुजी नोहे."

एक्केचाळीस वर्षांपूर्वी जियालाल इटियाडोह धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. शेतांना पाळीपाळीनं पाणी सोडायचं काम. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता, पण त्यावर एक कादंबरी लिहायला घेतली होती. भीतभीत वही गावच्या शाळेतल्या केशोराव गुरुजींना वाचायला दिली. गुरुजींनी ती दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, दंडारीचा खेळ सुरू व्हायच्या आधी, मंचावरून वाचली.

"आयका रे बा! डोहाचा पाटकरी समुद्र लिवून राहिला! कप्तान, पाणी कवा सोडता?"

सगळा गाव हसला. नवी नवरी शामकलाही पदराआड हसली. ते त्यांनी पाहिलं होतं, बोलले मात्र कधीच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेट उघडताना त्यांनी वही कालव्यात सोडून दिली. निवृत्त होऊन मुर्री गावी राहायला येईपर्यंत लोक त्यांना कप्तानच म्हणत.

पोरीची कादंबरीही समुद्रावरचीच होती. त्यांनी लाल पेन काढलं. चुका शोधायच्या, एकेक मोजून पोरीला कळवायच्या, म्हणजे तिच्या आजोबाच्या कानावर जातील.

"गोंदियाची पोरगी, समुद्र काय लिहिणार!" ते मोठ्यानं म्हणाले, आणि आपण कुणासारखं बोललो हे लक्षात येऊन त्यांचे कान तापले.

पहिल्या चाळीस पानांत अकरा लाल खुणा झाल्या. पुढे जहाजं बोलू लागली. ज्या झाडाच्या लाकडातून बनलं, त्या झाडाची आठवण प्रत्येक जहाजाला होती. एका राणीनं भरती चोरून नेली होती आणि सात बेटांची गलबतं तिच्या शोधात निघाली होती. जियालालांनी पेनाला टोपण लावलं. तालुक्याचं वाचनालय त्यांनी कपाटागणिक संपवलं होतं, पण या लेखिकेचं नाव कुठं भेटलं नव्हतं. भात थंड झाला. शामकलाबाईंनी दोनदा हाक मारली.

तिसऱ्या दिवशी दोनशे बारावं पान आलं. एक म्हातारा खलाशी डोलकाठीवर दोन ओळी कोरत होता :

'खारं पाणी कुणाचं शेत भिजवत नाही. म्हणून समुद्राला पाटकरी नसतो.'

त्यांच्याच वहीतल्या ओळी, जशाच्या तशा. आणि त्यांवर खदाखदा हसणाऱ्या, आरमाराच्या सरखेलाच्या शिडातून योगेश्वरीनं वारा काढून घेतला होता. नऊ पानं त्याचं जहाज एका जागी उभं राहून कुजत होतं. ती नऊ पानं जियालालांनी तीनदा वाचली, सावकाश, उसाचं कांडं चोखावं तशी.

मग त्यांनी पत्र उलगडलं. 'आजोबा जेवताना या दोन ओळी म्हणून सगळ्यांना हसवायचे. मला हसू यायचं नाही. त्या पाठच झाल्या. कुणाच्या, ते पुस्तक छापल्यावर कळलं. विचारल्याशिवाय घेतल्या, चुकलं. पुढच्या आवृत्तीत तुमचं नाव छापू का? आणि काका, तिसरी ओळ काय होती? आजोबांना एवढंच येतं.'

"गुरुजी आहे अजून?" त्यांनी विचारलं.

"आहे ना. मंडईत समोरच्या खुर्चीवरच बसते म्हणे. सोडा ना आता. बुढा झाला तो."

"मीही झालो."

शामकलाबाईंनी पुस्तक पदरानं पुसलं. मग म्हणाल्या, "तवा मीबी हासली होती."

"माहीत आहे."

तीन पोस्टकार्डं फाटली. एकात खाडाखोड झाली, दुसऱ्यात राग फार झाला, तिसऱ्यात आभारच आभार झाले. चौथ्यावर त्यांनी लिहिलं :

'नाव छापण्याची गरज नाही. यंदाच्या मंडईत केशोराव गुरुजींनी त्याच मंचावर उभं राहून पान दोनशे बारा आणि पुढची नऊ पानं मोठ्यानं वाचावीत. ओळी कुणाच्या, ते आधी सांगावं. मी समोरच्या खुर्चीवर बसेन. मग तिसरी ओळ देईन. पुस्तक फार चांगलं आहे. जियालाल टेंभरे, पाटकरी.'

पोस्टाच्या लाल पेटीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. रस्त्यापलीकडच्या बांध्यांत धानाचा रोवणा चालला होता. 'चांगलं' शब्द शेवटी आला, आधी यायला हवा होता का? 'फार' खोडावं का? आणि वही कालव्यातून वाहून गेली, तशी तिसरी ओळही गेली होती. कितीही आठवून पाहिली तरी येत नव्हती.

मंडईला चार महिने होते.

त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.