सहदेवभाऊंची पोटरी

खेळ माणसाला वेळेची शिस्त लावतो. सोनाळ्यातल्या पहिल्या पिकलबॉल सामन्याचे पाहुणे सातऐवजी पावणेदहाला आले.

बॅडमिंटनएवढं मैदान, बुटकी जाळी आणि भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू. पंचायतीसमोरच्या काँक्रीटवर रेघा मारून गावानं हा खेळ सुरू केला होता. अठ्ठावन्न वर्षांचे सहदेवभाऊ पावणेसातलाच हजर होते. दोन महिन्यांमागं सरावात डोक्यावरून गेलेला चेंडू बघत ते उलट्या पावली पळाले आणि उजव्या पोटरीत जी कळ आली ती दीड महिना मुक्कामाला राहिली. अकोल्याला फिजिओथेरपिस्ट असलेल्या पुतणीनं, मंजुश्रीनं, बजावलं होतं की बूट पकडीचे घाला, मागं पळायचं तर वळून पळा, आणि दहा मिनिटं अंग गरम करून थेट मैदानात उतरा. "मधी बसले तं पुन्हा पयल्यापासून, काका. नाही तं या खेपेला कुबड्या."

त्यांनी सातला अंग गरम केलं. ते थंड झालं. साडेआठला पुन्हा केलं. तेही थंड झालं. समोरचे खेळाडू जाकीरभाई, पेशानं शिंपी, म्हणाले, "भाऊ, एवढ्यात तं माही मॅचच झाली."

पाहुण्यांनी पहिला चेंडू टोलावला, टाळ्या घेतल्या आणि 'खेळताना घ्यावयाची काळजी' या विषयावर पन्नास मिनिटं बोलले. ज्याला काळजी घ्यायची होती, त्याला खुर्चीत कोंबून ठेवलं होतं. सहदेवभाऊ उठले की आयोजक हर्षल खांदा दाबायचा. "काका, साहेब सुरक्षिततेवर बोलून राह्यले अन् तुम्ही पाय झटकता? बरं दिसते काय?"

मग शाल, नारळ, फोटो. मग एकदम घाई.

"चला, चला! साहेबांले शेगावले जायाचं हाय. पाच मिनिटं खेळून दाखवा."

सहदेवभाऊंची कानशिलं तापली. पोटरी मात्र थंडगार.

"आधी दहा मिनिटं अंग गरम करीन."

"आता काऊन?"

"काऊन म्हणजे? चार घंटे बसवलं अन् आता पयवता? पोटरी माही हाय बे, पंचायतची नाही! फाटली तं तुहा साहेब येईन का शेकाले?"

"साहेब थांबले हायेत, काका."

"थांबू दे. म्या बी थांबलो."

त्यांनी शाल खुर्चीवर टाकली आणि घोटे फिरवायला सुरुवात केली. जाकीरभाईही शेजारी येऊन टाचा उचलू लागले. "मापात, भाऊ, मापात. मले घाईचं गिऱ्हाईक नाही आवडत."

पाचव्या मिनिटाला पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. सातव्याला गाडी सुरू झाली. हर्षल हात जोडत काचेपर्यंत धावला आणि रिकामा परतला. इकडं कोणी मान वळवली नाही. पूर्ण दहा मिनिटं झाली तेव्हा पोटरी तव्यावरच्या भाकरीसारखी गरम होती. सहदेवभाऊ बॅट घेऊन रेघेमागं उभे राहिले आणि त्यांनी हात पुढं केला.

"दे बे बॉल."

हर्षल गाडी गेलेल्या रस्त्याकडं बघत राहिला. उद्घाटनाची आठवण म्हणून चेंडू त्यानं साहेबांना भेट दिला होता. आधीचे तीन उन्हानं तडकले होते. गावात चेंडू तो एकच होता.