गायब फेऱ्या आणि माझ्यावरचा आळ

मी ऑफिसातला जुना कॉम्प्युटर बोलतोय. बोलायची हौस अजिबात नाही. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही आणि आता म्हणे, तुमची कहाणी सांगा. सांगतो, पण मधेमधे बोलू नका. माझं शिक्षण बेताचं. आत जेवढं भरलं तेवढंच येतं.

एका दुकानात सुटे भाग जोडून मला उभा केला. डबा एकाचा, पडदा दुसऱ्याचा, कीबोर्ड कुणाच्या तरी मोडीतला. आमच्या मालकीण बाईंनी मला घेतला तेव्हा त्यांच्याकडे एकच गाडी होती. आजारी माणसांना घरून दवाखान्यात न्यायचं आणि परत आणून सोडायचं, हा त्यांचा धंदा. कुणाला कधी उचलायचं ते माझ्यात लिहिलेलं असायचं. सकाळी आल्या की बाई आधी माझं बटण दाबायच्या, मग खिडकी उघडायच्या. मी सुरू व्हायला वेळ लावायचो. मग पाठीवर चापट बसायची, "ऊठ रे बाबा, माणसं ताटकळलीत." तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

पुढे मोठ्या हॉस्पिटलचं काम मिळालं. डायलिसिसच्या रुग्णांच्या फेऱ्या. हॉस्पिटलचं कॅलेंडर एका कंपनीच्या क्लाउडवर, आमचं दुसऱ्या कंपनीच्या. दोघींचं एकमेकींशी बोलणं नाही, भांडलेल्या जावांसारखं. म्हणून एक माणूस माझ्यात जोडणी बसवून गेला. तिकडे फेरी लिहिली की इकडे उमटायची, इकडे बदलली की तिकडे बदलायची. मधला निरोप्या मी. एकही निरोप खाली पडू दिला नाही.

मग बाईंचे धाकटे जावई ऑफिसात आले. काखेत नवा लॅपटॉप.

"बघा आई, किती हलका आहे!"

बाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला. जणू तान्हं मूल. मला आणला तेव्हा हमालाने आणला होता, आणि तोही दारात आपटून. त्याला पुसायला मऊ कापड, मला फरशीचं फडकं. त्याला फिरायला बॅग, मांडीवर बसायला जागा. बटण दाबायच्या आत जागा होतो मेला. माझ्या पोटात दुखायचं, लपवत नाही. बाई आता आल्या की आधी खिडकी उघडायच्या.

जावईबापूंनी त्या लॅपटॉपवर हॉस्पिटलची जोडणी नव्याने लावली. माझ्यावरची काढली नाही. कुणी विचारलंही नाही. जावयाला कोण विचारणार?

थोड्याच दिवसांत ड्रायव्हर मोबाइल नाचवत आत आला. "बाई, शिंपीकाकांची फेरी दोनदा दाखवतंय. माणूस एक, उचलू किती वेळा?"

"जुन्या डब्यातला कचरा येतोय तो," जावईबापू म्हणाले. "मी पुसतो." आणि पुसत सुटले. पुढच्या तारखांच्या फेऱ्याही दुप्पट व्हायच्या, ते त्याही पुसायचे.

एका सकाळी ड्रायव्हरच्या मोबाइलवर शिंपीकाकांची फेरीच नव्हती, म्हणून गाडी गेलीच नाही. शिंपीकाका म्हणजे दुकान बंद करून घरी बसलेले म्हातारे. ते पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन वाट बघत राहिले. शेवटी धाप लागली, तेव्हा शेजाऱ्यांनी हॉस्पिटलात नेलं. रक्त वेळेवर धुतलं नाही की त्यांच्या जिवाशी खेळ. जीव वाचला. हॉस्पिटलने मात्र बजावलं, पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला देऊ.

"हा डबा फेऱ्या खातोय, आई," जावईबापू म्हणाले आणि भंगारवाल्याला फोन लावला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. जावयाला दुखवायचं नसतं, मग दुसऱ्या कुणाला तरी दुखवावंच लागतं. त्या एवढंच म्हणाल्या, "हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवाल्या मॅडम येऊन बघू देत. मग न्या."

मॅडम आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात बिस्किट. "जोडणी किती ठिकाणी लावली आहे?"

"एकाच. या लॅपटॉपवर."

"आणि हा?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"तो जुना आहे. तो धरू नका."

"अहो, जुना असला तरी चालू आहे ना!"

त्यांनी 'चाचणी' नावाची खोटी फेरी लिहिली. सगळे वाकून बघू लागले. जरा वेळाने पडद्यावर दोन चाचण्या. मॅडमनी त्यातली एक पुसली. थोडं थांबल्या. दुसरीही गेली.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "एकच निरोप दोघं नेताहेत. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला नवीन वाटतं, तो ते परत लिहितो. नक्कल मुळाला बांधलेली असते. नक्कल पुसली की मूळही पुसलं जातं, इथलंही आणि आमच्याकडचंही."

बाईंनी जावयाकडे बघून तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "जावईबापू, चहा घेणार ना?" ड्रायव्हर रुमालात तोंड घालून बाहेर पळाला.

एक कबूल करतो. पुढच्या फेरीला जावईबापू स्वतः गेले आणि शिंपीकाकांना म्हणाले, "काका, चूक माझी." ड्रायव्हरनेच सांगितलं.

मला वाटलं, आता माझा मान परत मिळणार. कसला मान! मॅडम म्हणाल्या, "एकच जोडणी ठेवा, आणि ती नव्यावर. याच्यातल्या सॉफ्टवेअरला कंपनीकडून आता दुरुस्त्या येत नाहीत." जावईबापूंनीच माझी जोडणी काढली. निरोप्याची जीभच कापली म्हणा ना.

भंगारवाला परत गेला, पण टेबल गेलं. आता दाराजवळच्या स्टुलावर असतो. कधीमधी छपाईला सुरू करतात, एरवी माझ्यावर छत्र्या वाळतात. माझ्या जागी तो बसलाय. परवा त्याला गरम झालं म्हणून खाली छोटा पंखा आणून ठेवला. माझा पंखा घरघरतो तर म्हणतात, डोकं उठवलं याने. फेऱ्या नीट चालल्यात, शिंपीकाका वेळेवर पोचतात. बरं आहे. तरी जळतो मी, जळणारच.

तुमच्याकडे माझ्यासारखं जुनं काही चालू असेल तर मोजताना त्याला धरा, एवढं ऐका. बाईंवर माझा राग नाही. पण मला डबा म्हटलं, कचरा म्हटलं, फेऱ्या खातो म्हटलं, आणि खरं काय ते समोर आल्यावर माझ्याकडे वळून एक शब्द नाही. माफी कुणी मागायची राहिली, विचारता? बाईंच्या धाकट्या जावयांनी.