बुधवारचा पाचवा तास

राजीनामा लिहायलासुद्धा निवांतपणा लागतो, हे भूगोलाच्या बाईंना पाच बुधवार वाया गेल्यावर कळलं. घरी लिहावा तर दोन पोरं, सासूबाईंची औषधं आणि तपासायच्या वह्यांचा ढीग. कागद पुढ्यात घेतला रे घेतला की कोणाला तरी काहीतरी हवंच असायचं. आठवड्यात मोकळा तास एकच, बुधवारचा पाचवा. आणि दर बुधवारी सकाळी शिपाई मावशी बदली तासांची वही घेऊन हजर. कोणीतरी रजेवर असायचं, त्याच्या वर्गावर जायला कोणीतरी हवं असायचं, आणि बाईंचा तो एवढासा तास सातवी ‘ब’च्या घशात जायचा.

सातवी ‘ब’ म्हणजे पन्नास मुलं आणि एक भिंगरी. पोरीचं खरं नाव हजेरीपुरतंच, एरवी सगळी शाळा तिला भिंगरीच म्हणायची, कारण ती बाकावर बसलेली कोणी पाहिलीच नव्हती. तिला खाली बसवावं तर मागचे चार उभे राहायचे. ओरडून ओरडून बाईंचा घसा कायमचा बसला होता. मुख्याध्यापकांकडे त्यांनी तीनदा गाऱ्हाणं नेलं. सरांनी तिन्ही वेळा पंख्याकडे बघत सांगितलं, "जरा सांभाळून घ्या." बाईंना कोणी सांभाळायचं, हे काही ते बोलले नाहीत.

आजचा बुधवार शेवटचा, राजीनामा द्यायची मुदत आज संपत होती. पाच वाजेपर्यंत कागद कार्यालयात पडला नाही तर उरलेलं अख्खं वर्ष हेच. त्यात चाचणीचे पेपर तपासताना चार रात्री बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळपासून त्यांना सगळं पाण्याखालून बघावं तसं दिसत होतं. फळा हलके हलके डुलत होता. मुलांचे आवाज लांबून, विरघळत विरघळत येत होते. त्या नद्यांबद्दल बोलत होत्या आणि आपलाच आवाज शेजारच्या वर्गातून येतोय असं त्यांना वाटत होतं. वाईट म्हणजे, ते वाटणं त्यांना आवडायला लागलं होतं.

वही आली. पाचवा तास, सातवी ‘ब’. बाईंनी पेन उचललं आणि आपली सही कशी करतात तेच त्यांना आठवेना.

"बाई, आरशात बघितलंत का स्वतःला?" मावशींनी विचारलं.

"नाही हो. वेळच नाही मिळाला."

मावशींनी वही मिटून काखेत मारली. "पाचव्याला नकाशांच्या खोलीत जा. पोरांपाशी मी बसते."

"तुम्ही? खाऊन टाकतील ती तुम्हाला."

"खाण्यासारखं काय उरलंय माझ्यात!"

नकाशांची खोली सातवी ‘ब’च्या अगदी समोर, मध्ये व्हरांडा आणि व्हरांड्यात टांगलेली शाळेची घंटा. खोलीत तिरपं ऊन आलं होतं, त्यात धूळ सावकाश फिरत होती. बाईंनी कागदावर ‘माननीय मुख्याध्यापक’ एवढं लिहिलं आणि दोनच मिनिटं म्हणून टेबलावर मान टेकली.

तेवढ्यात नकाशातला समुद्र खाली उतरला. जमीन भरली, उंबरा भरला, समोरच्या वर्गातली बाकं तरंगू लागली. एकेका बाकावर एकेक मूल, हातात पट्टी, पट्टीनं वल्हवत कुठेतरी निघालेलं. कोणी कोणाला ढकलत नव्हतं. कोणी "बाई, हा बघा ना" म्हणत नव्हतं. बाई पाण्यात पाय सोडून मुलं मोजत होत्या, मोजता मोजता आकडा विसरत होत्या, आणि विसरला तरी चालत होतं. किती वर्षांनी काहीतरी विसरलं तरी चालत होतं!

त्या जाग्या झाल्या तेव्हा चिटपाखरू नसल्यासारखी शांतता होती. सातवी ‘ब’ गप्प, म्हणजे नक्कीच कोणाचं तरी डोकं फुटलं! कागद हातात तसाच घेऊन त्या धावत व्हरांड्यात आल्या. घड्याळात पाचवा तास संपून बारा मिनिटं झाली होती, पण घंटा काही वाजली नव्हती. सगळी शाळा अजून पाचव्या तासातच बसून होती. घंटेखाली मावशी हातोडी उगारून उभ्या होत्या, आणि त्यांचं मनगट भिंगरीनं दोन्ही हातांनी धरलं होतं. दारात उरलेला वर्ग, तोंडावर बोट ठेवून.

"मी वाजवणारच होते," मावशी कुजबुजल्या. "ही सोडेल तर शपथ."

"का गं?" बाईंनी विचारलं.

भिंगरीनं मान खाली घातली. "माझी आई पण अशीच बसल्याबसल्या झोपते, बाई. तेव्हा तिला उठवलं ना, की ती रडते."

जिच्या पायी आपण नोकरीवर पाणी सोडायला निघालो, ती पोर बारा मिनिटं आपली झोप राखत उभी होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांना रडू आलं.

तोवर मुख्याध्यापक तरातरा आले. "घंटा कोणी अडवली? मावशी, उद्या नोटीस मिळेल तुम्हाला!"

"माझ्यामुळे अडली, सर," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "मी झोपले होते."

"शाळेत?"

"हो. घरी जमत नाही." बाईंनी हातातला कागद पुढे केला. "हा राजीनामा. सुरुवात झालीय, पाचपर्यंत पुरा करते. नाहीतर बुधवारचा पाचवा तास माझा, असं तुम्ही बदली तासांच्या वहीत लिहून द्या. आणि मावशींना नोटीस द्यायची नाही."

आवाज मुळीच चढला नव्हता. सरांनी पहिल्यांदाच पंख्याऐवजी बाईंकडे बघितलं. वर्षाच्या मध्यावर भूगोलाला दुसरं माणूस मिळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मावशींनी काखेतली वही उघडून समोर धरली आणि सरांनी मुकाट्यानं लिहून दिलं.

"मग पुढच्या बुधवारी कोणी रजेवर गेलं, तर सातवी ‘ब’वर कोण?" त्यांनी विचारलं.

एक्कावन्न मुलं त्यांच्याकडेच बघत होती. सरांनी सुस्कारा टाकून स्वतःचंच नाव घातलं. मग मावशींच्या जवळ सरकून हळूच विचारलं, "फार त्रास देतात का हो?"

"समोरचं माणूस जागं असलं तर देतात," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी घंटेवर टोला हाणला.