कॉलरपासून खाली

आमच्या घरात आईचा एकच फोटो आहे, ओळखपत्रावरचा. त्यात ती कपाळापासून कॉलरपर्यंत आहे आणि ओरडा खाल्ल्यासारखी समोर बघते. मला जन्म दिल्यावर ती थोड्याच दिवसांत गेली, त्यामुळे माझ्यापुरती आई कॉलरपाशी संपते. ती उभी कशी राहायची, हात कुठे ठेवायची, असं कुणाला विचारलं की "शांत होती गं बिचारी" एवढंच उत्तर मिळायचं. मला बिचारी नको होती. मला अख्खी आई हवी होती.

तसे फोटो पुष्कळ निघाले होते, पण ते आत्यानं काढलेले. आत्या शिवणकाम करते. शिवलेला कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा, त्याला दुकानाच्या दारात उभं करायचं आणि फोटो काढायचा, ही तिची पद्धत. कॅमेरा डोळ्याला लावला की तिला फक्त कापड दिसायचं: खांदा बसलाय का, घेर नीट पडलाय का. बाही पूर्ण, खालची दुमड पूर्ण, डोकं गायब. आई गेल्यावर बाबांनी तिच्या चेहऱ्यासाठी सगळी पाकिटं उपसली. एकातही तो सापडला नाही. "माझ्या बायकोचं मुंडकं उडवलंस तू," म्हणत त्यांनी ते सगळे फोटो जाळून टाकले. आत्यानं कानाला खडा लावला आणि पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही. ती रोल धुवायला द्यायची त्या स्टुडिओत पडून राहिलेल्या निगेटिव्ह मात्र कुणाच्या ध्यानातही आल्या नाहीत.

माझं चष्म्याचं दुकान आहे. परवा एका म्हाताऱ्या घड्याळजींना त्यांच्या वडिलांच्या चष्म्यासारखीच फ्रेम हवी होती, म्हणून मी भर दुपारी इंटरनेटवर जुने फोटो चाळत बसले. चाळता चाळता एका अनोळखी माणसाच्या संग्रहात जाऊन पडले. बंद पडलेल्या स्टुडिओतल्या निगेटिव्ह त्यानं भंगारातून उचलल्या होत्या, साफ केल्या होत्या, आणि त्यातले नेमके फसलेले फोटो निवडून मांडले होते. एका भागात डोळे मिटलेले लोक, दुसऱ्यात फोटोत घुसलेले अंगठे. काय माणूस असेल हा! लोकांनी टाकून दिलेलं त्यानं इतक्या मायेनं मांडलं होतं की मी फ्रेमबिम विसरले. एका फोटोत नवरानवरीसकट सगळं वऱ्हाड डोळे मिटून उभं होतं. दुकानात मी एकटीच खो खो हसत होते.

तिसरा भाग बिनडोक्याच्या लोकांचा होता. सगळे एकाच दारात उभे, आणि दाराच्या कडेला खिळ्यावर लाकडी पट्टी टांगलेली. ती पट्टी आजही आत्याच्या दारात तिथंच आहे. लहानपणी मी तिचा प्रसाद खाल्लाय. खाली त्या माणसानं लिहिलं होतं, "आधी वाटलं, हे काढणाऱ्याला फोटो काढता येत नव्हता. आता वाटतं, माणसाकडे इतकं नीट क्वचितच कुणी पाहिलं असेल."

मी दुकानाला कुलूप घातलं आणि धावत आत्याकडे गेले.

"आत्या, चष्मा लाव."

"आता काय नवीन खूळ?" म्हणत तिनं मशीन थांबवलं, आणि फोन हातात घेऊन कापड चाचपावं तशी काचेवर बोटं फिरवली. "अगं बाई, ही बेकरीवाली! हिचा डावा खांदा उतरता. आतून गादी भरली मी, तिच्या नवऱ्यालाही कळलं नाही. आणि हा पोस्टमन. आत चोरखिसा मागितला होता, त्याला आलेली पत्रं ठेवायला."

मी तिला खालच्या ओळी वाचून दाखवल्या.

"हे मला म्हणतोय?"

"तुलाच."

"मेल्याला डोळे आहेत," ती म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली. इतक्या वर्षांत तिला असं लाजलेलं मी पाहिलं नव्हतं.

पुढचा फोटो राखाडी कोटाचा होता. आत्यानं फोन डोळ्यांजवळ नेला.

"कोण आहे गं?"

"बटणं बघ, पार कडेला आलीत. पोट वाढेल तशी मी ती सरकवत होते. शेवटी सरकवायला जागाच उरली नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "आत तू आहेस."

मला रडू आवरेना. आईचा एक हात कमरेवर, दुसरा पोटावर. एक पाय बुटातून काढून दुसऱ्यावर टेकवलेला. मीही दुकानात अशीच उभी राहते, आणि बाबा त्यावरून मला हटकतात.

"सगळे म्हणतात, शांत होती."

"शांत? ती? तुझ्या बापाला बोलू द्यायची नाही. आत्ताही हसतेय बघ."

"आत्या, डोकं कुठाय?"

"डोकं कशाला हवंय? मधल्या बटणापाशी कापड बघ कसं ताणलंय. नुसतं उभं राहून असं ताणत नाही. मी म्हणत होते, हलू नकोस, आणि ही पोट धरून हसत होती."

मी पुन्हा पाहिलं. खरंच हसत होती.

आत्यानं डोळे पुसले, माझा फोन उचलला आणि म्हणाली, "जा, दारात उभी राहा." मी पट्टीशेजारी उभी राहिले. हात आपोआप कमरेवर गेला. आत्यानं एक डोळा मिटला, श्वास रोखला आणि फोटो काढला.

फोटोत मला डोकं नव्हतं. मी तिला दुसरा काढू दिला नाही.