भागिले तीन

"काकू, यादीत माझं नाव नाहीये."

मुलगी शांतपणे बोलली, म्हणून बाईंना जास्तच लागलं. रडली असती तर पाण्याचा ग्लास पुढे करून मोकळं होता आलं असतं.

गणित आणि संख्याशास्त्र विभागाच्या कचेरीत बाईंची सत्तावीस वर्षं गेली होती. एवढ्या वर्षांत त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. या मजल्यावरच्या विद्वानांना अनंताचं सगळं कळतं, पण साध्या फॉर्मवर सही कुठे करायची ते दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. आणि सांगितलं की असे बघतात, जणू आपणच त्यांचा वेळ खाल्ला.

वर्षाला पाच विद्यावेतनं असत. मिळालं की फी माफ, दरमहा पैसे, आणि त्याबदल्यात पहिल्या वर्षाचे तास घ्यायचे. मुलीचे वडील पंपदुरुस्तीचं काम करायचे. गेल्या वर्षापासून पाठीच्या दुखण्याने घरीच होते. एका विमा कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. विद्यावेतन मिळालं तर संशोधन पुरं होणार होतं, नाहीतर विमा.

"बस इथे," म्हणून बाईंनी गुणांचा तक्ता काढला. तीन परीक्षक, प्रत्येकी शंभर गुण. तिच्या नावापुढे ब्याण्णव, पंच्याण्णव आणि एक रिकामी चौकट. सरासरी बासष्ट.

चौकट रिकामी का, ते बाईंना ठाऊक होतं. तिसरे परीक्षक तिचे मार्गदर्शक होते. आपल्याच विद्यार्थ्याला गुण द्यायचे नाहीत, असा विभागाचा रिवाज. सरांनी तो पाळला. मग कुणीतरी बेरीज केली आणि सगळ्यांसारखंच तिलाही तीनने भागून टाकलं. तीन डॉक्टरेटवाल्यांनी खाली सह्या ठोकल्या. भागाकार तपासायचा म्हणजे यांना कमीपणा.

बाई तक्ता घेऊन विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या. मार्गदर्शक सरही तिथेच चहा पीत होते.

"सर, हिला दोनने भागायला हवं होतं. साडेत्र्याण्णव होतात. पहिली येते ती."

"बाई, आकडे आमच्यावर सोडा हो," प्रमुख हसत म्हणाले. मग त्यांनी तक्ता पाहिला. हसणं ओसरलं. "यादी वर गेली का?"

"आज दुपारी जाईल. अजून माझ्याच टेबलावर आहे."

"जाऊ द्या. आता बदलायची म्हणजे कारण लिहावं लागणार. संख्याशास्त्राच्या विभागाला सरासरी काढता येत नाही, असं लिहू? लोक हसतील. पुढच्या वर्षी तिचं नक्की बघू."

"पुढच्या वर्षी ती इथे नसेल." बाई मार्गदर्शकांकडे वळल्या. "सर, तुम्ही तरी सांगा."

सरांनी कप खाली ठेवला. "माझीच विद्यार्थिनी. मी बोललो तर बरं दिसणार नाही."

बाईंना किळस आली. प्रमुख निदान उघड भित्रा होता. याने भित्रेपणालाही सोवळं नेसवलं होतं. त्यांनी स्वतःच्या सहीने चिठ्ठी लिहिली, यादीला टाचली आणि वर पाठवली. संध्याकाळी यादी मंजूर होऊन परत आली. चिठ्ठी तेवढी काढून घेतली होती.

सोमवारी मुलगी अभ्यासिकेची किल्ली परत द्यायला आली.

"तुझं काही कमी पडलं नाही," बाईंनी सरळ सांगितलं. "तुला भलत्या आकड्याने भागलं."

तिने तक्ता पाहिला. तिला एक क्षणही लागला नाही. "सरांना माहितीये?"

"माहितीये."

तिने किल्ली टेबलावर ठेवली. "माझी संशोधनाची वही सरांकडे आहे. राहू दे त्यांनाच. येते, काकू."

तीन आठवड्यांनी मार्गदर्शक सर ती वही घेऊन कचेरीत आले. बाहीला खडू लागला होता. बाईंनी मान वर केली नाही.

"बाई, तिचा फोन नंबर मिळेल? परिषदेत हे मांडायचंय. एकेचाळिसाव्या पानावर एक पायरी आहे, ती कशी आली ते..." सर अडखळले. "तिला विचारून घेतो."

"बरं दिसेल का, सर?"

सर भिंतीजवळच्या बाकावर बसले आणि ते पान पुन्हा वाचू लागले. पाच वाजले. बाईंनी कपाटं बंद केली, पर्स खांद्याला लावली. सर अजून एकेचाळिसाव्या पानावरच होते.

"जाताना दिवा घालवा," बाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या.