भागवतनं सांगितलं नसतं तर

इंद्रभान मास्तर मे महिन्यात निवृत्त झाले आणि भागवत मास्तर जूनमध्ये. दोघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक, बुलढाण्यात एकाच गल्लीत राहणारे. तीस वर्षांची दोस्ती. नोकरी संपली की मनसोक्त फिरायचं, हे त्यांचं कधीच ठरलं होतं. जुलैत भागवतच्या मोटारसायकलवर अजिंठा झालं, ऑगस्टमध्ये लोणार. एरवी सकाळचा फेरफटका, परतताना टपरीवर चहा, पेपर, दुपारची झोप. माणसानं नोकरी करावी ती याच दिवसांसाठी, असं इंद्रभानला वाटायचं.

दिवाळीच्या आधी पुण्याहून मंजुश्रीनं, इंद्रभानच्या मुलीनं, दोन माणसांचा तंबू पाठवला. बायकोला, चांगुणाला, त्यांनी सोबत येतेस का विचारलं.

"तुम्ही दोघंच जा," ती म्हणाली. "मले बी दोन दिवस शांतता भेटन."

धाड गावाच्या पुढे, रस्त्यापासून मैलभर आत एक तलाव आहे. तिथं त्यांनी तंबू ठोकला, पिठलं केलं, आणि अंधार पडताच झोपले. सकाळी इंद्रभाननं तीन दगडांवर चहा ठेवला. पाण्यावर बगळे उतरले होते. आसपास कोणी नव्हतं.

"भागवत, आपण नशीबवान आहो बे," ते म्हणाले. "माह्या मनात आता कोणाबद्दल काहीच नाही राह्यलं."

भागवतनं हातातला रिकामा पेला खाली ठेवला. "माह्या मनात राह्यलं हाय. तुले सांगावं म्हणतो."

"सांग ना."

"तुही बदली झाली होती ना, संग्रामपूरकडं? ते निनावी पत्र म्या लिहिलं होतं."

इंद्रभानला आधी ती थट्टाच वाटली. पण भागवत त्यांच्याकडे बघत नव्हता.

"शाळेत एक शिक्षक जास्त झाला होता. आपल्या दोघातला एक जाणार होता. घरी सुभद्राले सातवा महिना होता. मले दुसरं सुचलं नाही."

"काय लिहिलं होतं?"

"जाऊ दे ना आता."

"काय लिहिलं होतं, भागवत?"

"हेच... शाळेच्या वेळात चौदा एप्रिलच्या जयंतीच्या बैठका घेते म्हणून."

इंद्रभाननं आयुष्यात शाळेच्या वेळात एकही बैठक घेतली नव्हती. "असं काऊन लिहिलं? दुसरं काही बी लिहिता आलं असतं."

भागवत म्हणाला, "साहेबाले ते लवकर पटन, असं वाटलं."

चहा उतू गेला. कोणी उठलं नाही.

त्या बदलीत इंद्रभानची सहा वर्षं गेली. सातपुड्याच्या पायथ्याशी एक भाड्याची खोली, शनिवारी रात्री घरी, रविवारी संध्याकाळी पुन्हा एसटी. मंजुश्री पहिलीतून सातवीत गेली ती त्यांच्या नजरेआड. आई वारली तेव्हा ते पोहोचेपर्यंत दिवस मावळला होता. भागवतनं सगळी तयारी करून ठेवली होती. तिरडीला पुढून खांदा त्यानंच दिला होता.

"तुले सांगतलं, आता हलकं वाटून राह्यलं," भागवत म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

इंद्रभाननं पिशवी उचलली आणि ते रस्त्याच्या दिशेनं चालू लागले. भागवत मागून हाका मारत राहिला. त्यांनी वळून पाहिलं नाही. धाडला आठवडी बाजार होता. भाजीच्या गाठोड्यांमध्ये अंग चोरून ते जीपमध्ये बसले आणि दुपारी घरी पोहोचले.

चांगुणानं सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही. म्हणाली, "त्या सहा वर्सात भाजी तोच आणून द्यायचा. पोरीचा हात मोडला तं दवाखान्यात तोच घेऊन गेला. म्या त्याले राखी बांधली, मालक. आता त्याचं काय करू?"

पत्राचा राग इंद्रभानला एकवेळ गिळता आला असता. पण आता मागची एकेक चांगली गोष्ट नासत चालली होती, आईच्या तिरडीचा खांदासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई तंबू ओट्यावर ठेवून गेली. "काय झालं हो भाऊजी? हे तं काहीच बोलत नाहीत," तिनं विचारलं. तिला काही ठाऊक नव्हतं, आणि इंद्रभाननं सांगितलंही नाही. त्यांनी फिरायला जाण्याची वेळ बदलली, मग फिरायला जाणंच सोडलं. दिवस शांत झाले, पण ती शांतता त्यांना सोसेना. मंजुश्री फोनवर विचारायची, "बाबा, पुढची ट्रिप कुठं?" ते म्हणायचे, "थंडी कमी होऊ दे."

नोव्हेंबर संपता संपता हयातीचा दाखला द्यायला ते बँकेत गेले. रांगेत पुढं भागवत उभा होता. वाळला होता. काम आटोपून तो दाराशी इंद्रभानची वाट बघत थांबला.

"इंद्रभान, माफ कर ना. तुह्यापासून लपवून मले जगता येत नव्हतं बे."

"चोवीस वर्सं तं आलं," इंद्रभान म्हणाले. "अजून धा-पंधरा वर्सं काढली असती. तेवढीच तं राह्यली होती आपल्यापाशी."

भागवत काही बोलायला गेला, पण इंद्रभान त्याला ओलांडून बाहेर पडले. गल्लीत जायला दोघांचा रस्ता एकच होता. ते बाजाराच्या बाजूनं, लांबच्या वाटेनं घरी गेले.