गायवोता क्लबचा सभासदांचा फळा

मी एक जुना लाकडी फळा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. माझ्यावर कुणी खडूने लिहीत नाही. माझ्यावर खिळे आहेत आणि खिळ्यांवर पितळी बिल्ले टांगलेले आहेत. एका बिल्ल्यावर एका माणसाचं नाव. ते नाव खाली उतरवायला कुणी हात पुढे केला की माझ्या अंगात कापरं भरतं.

माझा जन्म शंभर वर्षांपूर्वी मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गिरणीगावात झाला. पोर्तुगालच्या बेटांवरून आलेले सतरा विणकर तिथे मागांवर राबत. रविवारी सुट्टी मिळाली की ते गिरणीमागच्या उकिरड्यावर फुटबॉल खेळत. एका हिवाळ्यात त्यांनी तिथले दगडगोटे वेचून मैदान केलं, शेजारी एक खोली बांधली आणि क्लबला नाव दिलं गायवोता. गायवोता म्हणजे समुद्रावर घिरट्या घालणारा पांढरा पक्षी. एका मोडक्या मागाचं लाकूड तासून त्यांनी मला घडवलं आणि भिंतीवर चढवलं. पहिलाच सामना त्यांनी सात गोलांनी गमावला. त्यात पाऊस आला, सदऱ्यांचा घरी दिलेला हिरवा रंग उतरला आणि सगळे हिरव्या पायांनी माझ्यासमोर येऊन खो खो हसले. मी मात्र, आता क्लब बुडणार, म्हणून घाबरून बसलो होतो.

माझी रीत तुम्हाला सांगायला हवी. प्रत्येक खिळ्याखाली एक आकडा रंगवलेला आहे. सर्वांत जुना सभासद एक नंबरवर, सर्वांत नवा शेवटी. कुणी वारलं की त्याचा बिल्ला उतरतो आणि मागचे सगळे एकेक खिळा पुढे सरकतात. इथे नंबर वर चढला म्हणून कुणी पेढे वाटत नाही.

दुसरी रीत हजेरीची. जानेवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता सगळ्यांची नावं पुकारतात. ज्याचं नाव येईल त्याने ‘प्रेझेंत’ म्हणायचं, म्हणजे हजर. गावी नसलेल्याने फोनवरून म्हटलं तरी चालतं. पण अकरा जणांनी तरी ओ द्यायलाच हवी. नाहीतर क्लब बंद, आणि मैदान गावाच्या ताब्यात. त्या सतरा जणांनीच हे लिहून ठेवलं. अकरा माणसंही जमत नसतील तर फुटबॉलचा क्लब कशाला म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा त्यांना ती गंमत वाटली असणार.

पुढे आमचे चांगले दिवस आले. त्यांच्या बेटावर ज्वालामुखी फुटला, शेतं राखेखाली गेली आणि घरंच्या घरं बोटीत बसून इकडे आली. माझ्यावर दोनशे चौदा बिल्ले झाले. खिळे कमी पडले म्हणून मला बाजूने दोन फळ्या जोडाव्या लागल्या. अल्बानो नावाचा लांब हातांचा गोलकीपर होता. त्याने अडवलेल्या एका पेनल्टीमुळे आम्हाला पहिला चषक मिळाला, आणि त्या दिवशी लोकांनी मलासुद्धा तेल लावून पुसलं. पुढे ओलिंडा नावाची बाई हट्टाने सभासद झाली. बायकांमधली ती पहिली. तिच्या बिल्ल्याला खिळा ठोकायला कुणी तयार होईना, तेव्हा तिने स्वतःच हातोडी उचलली.

मग गिरण्या बंद पडल्या. मुलं शिकून मोठ्या शहरांत गेली. मैदानावर गवत माजलं. शेवटच्या संघाला अकरावा खेळाडू मिळेना, तेव्हा सामने थांबले. बिल्ले उतरत गेले आणि मी रिकामा होत गेलो. शेवटी एका उन्हाळ्यात आठच उरले, म्हणजे जानेवारीच्या हजेरीला तीन कमी; त्यांत होते अल्बानो आणि आता क्लबचा कारभार बघणारी ओलिंडा. अल्बानो एक नंबरवर आला तेव्हा तो नव्वदीत होता. शेजारच्या गोदामाला गाड्या उभ्या करायला जागा हवी होती, आणि आमचं मैदान मोजायला माणसं दोनदा येऊन गेली. त्यांची ती लांब फीत पाहून माझे खिळे सैल झाले.

अशात सावनी आली. नागपूरचे गिरीश आणि कांचन नोकरीसाठी या गावात राहायला आले होते, त्यांची ही बारा वर्षांची मुलगी. ती रोज आमच्या भिंतीवर चेंडू मारत बसे. तो दणका थेट माझ्या पाठीत बसायचा. मी ओरडू शकत नव्हतो, पण अल्बानो खिडकीतून ओरडला.

“कोपर आत घे! उडी मारताना डोळे मिटू नकोस!”

त्या दिवसापासून ती गोलकीपर झाली. कांचनने तिला शिकवलं, की मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची नाही. म्हणून अल्बानो झाला आजोबा आणि ओलिंडा झाली मावशी. जानेवारीच्या आत तिघेही सभासद झाले. नववा गिरीश, दहावी कांचन, अकरावी सावनी. मित्रांनो, त्या वर्षी मी पहिल्यांदा निर्धास्त झालो. पण माझं निर्धास्त होणं काही खरं नसतं.

ऑक्टोबरात गिरीशची नोकरी गेली. साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही, तर देश सोडायचा असा नियम. दुसरी मिळाली नाही. तो माणूस आतून इतका घाबरला होता, की त्याने फोनवर यादी केली आणि एकेक गोष्ट बंद करत सुटला. वीज, इंटरनेट, जिम, लायब्ररीचं कार्ड. यादीत शेवटी आमचा क्लब होता. एका दुपारी तो कांचन आणि सावनीसोबत आपल्या तिघांचे बिल्ले काढायला आला आणि माझ्या खिळ्यांवरून ते त्याने काढलेसुद्धा. मी नुसता थरथरत राहिलो.

“हे परत घ्या, ओलिंडा आंटी,” तो म्हणाला. “मेंबरशिप कॅन्सल करतोय. मला मागे काहीही पेंडिंग ठेवायचं नाही.”

“अरे यार गिरीश, हा फुटबॉलचा क्लब आहे,” कांचन म्हणाली. “याने काय प्रॉब्लेम होणार?”

“उद्या पुन्हा व्हिसासाठी अप्लाय केलं आणि कुठे नाव निघालं तर? उगाच रिस्क कशाला?”

“बाबा, प्लीज डोन्ट,” सावनी म्हणाली.

ओलिंडाने बिल्ले घ्यायला हात पुढे केला नाही. हे तिघे गेले की आठच उरणार, हे तिला माहीत होतं, पण आपली अडचण दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा तिचा स्वभाव नाही. तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीतून अल्बानो उठला. त्याला उठायला बराच वेळ लागतो.

“मी इथे आलो तेव्हा असाच घाबरलो होतो,” तो म्हणाला. “कुणी विचारायच्या आत नाव बदललं. गिरणीत अल. घरमालकाकडे अल. बायको आजारी असताना दवाखान्यातही अल. वाटायचं, नाव मागे ठेवलं नाही की कुणी पकडणार नाही. मला कुणी पकडायला आलंच नाही, पोरा. माझं खरं नाव तेवढं हरवलं. आता ते या एका खिळ्यावर आहे.”

गिरीशने हातातल्या बिल्ल्यांवरची तिघांची नावं वाचली. मग त्याने ते परत टांगले. घाईत कांचनचा बिल्ला चुकून अकराव्या खिळ्यावर गेला. सावनीने तो नीट लावला. पुढच्या आठवड्यात ते नागपूरला गेले.

डिसेंबरात अल्बानोला न्यूमोनिया झाला. ओलिंडाने सावनीला फोन करून तेवढंच सांगितलं. नंतरचे तीन आठवडे मी कसे काढले ते मला विचारू नका. दार वाजलं की वाटायचं, आता कुणीतरी येणार आणि पहिल्या खिळ्याकडे हात नेणार. एकदा ओलिंडा खरंच माझ्याजवळ आली आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. तिने बिल्ल्यावरची धूळ पुसली आणि ती निघून गेली.

जानेवारीचा पहिला रविवार आला. पावणेदहाला अल्बानोला चाकांच्या खुर्चीतून आणलं, गुडघ्यांवर दोन घोंगड्या. त्याचं ‘प्रेझेंत’ इतकं हळू आलं, की ओलिंडाने त्याच्या तोंडाजवळ कान नेला. आठ जण झाले. मग तिने नागपूरला फोन लावला आणि पुढची नावं पुकारली.

“प्रेझेंत,” गिरीश म्हणाला.

“प्रेझेंत,” कांचन म्हणाली.

“सावनी,” ओलिंडाने पुकारलं.

फोनमधून काहीच आलं नाही. नाव तीनदाच पुकारायचं असा आमचा नियम. ओलिंडाने पुन्हा पुकारलं. कांचन म्हणाली, “इथेच बसलीये ती. सकाळपासून अशीच आहे, काही बोलतच नाही.” खोलीत आठ म्हातारी माणसं श्वास धरून बसली होती. एवढ्या शांततेत मला माझ्याच लाकडाची करकर ऐकू आली.

ओलिंडाने तिसऱ्यांदा नाव घेतलं.

“मावशी,” बारीक आवाज आला. “आधी सांग, व्हॉट्स माय नंबर?”

“अकरा.”

“दहा नाही ना झाला?”

“नाही गं. अकराच.”

पलीकडे कुणीतरी मोठ्याने हुंदका दिला.

“म्हणजे आजोबा आहेत,” सावनी म्हणाली. “प्रेझेंत.”

अल्बानोला कमी ऐकू येतं. पोरगी काय म्हणाली, असं तो सारखा विचारत होता, आणि ओलिंडाला डोळे पुसण्यातून उत्तर द्यायला फुरसत नव्हती.

मित्रांनो, हे वर्ष निभावलं. पुढच्या जानेवारीची भीती मला आतापासूनच वाटते आहे, ती काही जायची नाही. तुमच्याकडेही कुठे ना कुठे तुमचं नाव टांगलेलं असेल, एखाद्या मैदानावर, वाचनालयात, जुन्या शेजाऱ्यांच्या तोंडी. लांब जायची वेळ आली, तर घाबरून ते उतरवू नका. आम्ही ते सांभाळतो. आणि कधी तिकडून कुणी तुमचं नाव पुकारलं, तर उत्तर काय येईल या भीतीने गप्प बसू नका. ओ द्या.